डिलिव्हरी ड्रायव्हरची नवी नोकरी: पहिल्या महिन्यात काय शिकायचं

गाडीत छतापर्यंत रचलेली पार्सलं पहिल्यांदा बघितली की नव्या ड्रायव्हरच्या मनात एकच विचार येतो: आज गाडी दामटावी लागणार. मीही दामटली होती. संध्याकाळी परत आलो तेव्हा २२ पार्सलं उरलेली, आणि माझ्याहून बरीच सावकाश गाडी चालवणारे एक जुने सहकारी कधीच गाडी रिकामी करून घरी गेलेले.

त्यामागचा हिशोब मला बऱ्याच दिवसांनी कळला. समजा दिवसभरात गाडी ४० किलोमीटर धावते. ताशी ५० च्या वेगाने त्याला ४८ मिनिटं लागतात, ताशी ६० ने ४०. म्हणजे जोरात चालवून वाचली ८ मिनिटं, तीही रस्ता मोकळा आणि सगळे सिग्नल हिरवे असतील तर. आता १०० स्टॉप धरा. प्रत्येक स्टॉपवर पार्सल शोधायला, गाडी लावायला, दार सापडायला लागणाऱ्या वेळातून ३० सेकंद वाचवले, तर दिवसाची ५० मिनिटं वाचतात. आपला दिवस गाडी उभी असताना खर्च होतो. पुढे जे सांगतोय ते बहुतेक त्या उभ्या वेळाबद्दलच आहे.

कामाला हो म्हणण्याआधी

तुम्ही पगारी कर्मचारी आहात की प्रत्येक पार्सलमागे पैसे मिळणारे कंत्राटी, हे लेखी बघा. त्यावरून बाकीचं सगळं ठरतं: इंधन कोणाचं, टायर कोणाचे, दंड आला तर कोण भरणार, पार्सल हरवलं किंवा फुटलं तर पैसे कापणार का, आणि दार बंद मिळालं तर त्या फेरीचे काही मिळतात का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. बंद दारं रोज भेटतात, म्हणून तो विचाराच.

स्वतःची गाडी वापरणार असाल तर विम्याचे कागद काढून वाचा. खाजगी वापरासाठी काढलेला विमा अनेक ठिकाणी पैसे घेऊन केलेल्या डिलिव्हरीला लागू होत नाही, आणि हे अपघातानंतर कळून उपयोग नसतो. कमाईचा हिशोब करताना इंधनाबरोबर टायर, ब्रेक, ऑइल आणि गाडीची उतरत जाणारी किंमत वजा करा. उरलेल्या रकमेला सगळ्या तासांनी भागा, गोदामात ताटकळत घालवलेल्या तासांनीसुद्धा. जो आकडा येईल तो तुमचा खरा दर. जाहिरातीतला नव्हे.

जुन्या माणसाबरोबर एक दिवस

अनुभवी ड्रायव्हरबरोबर एक-दोन दिवस फिरायची संधी बहुतेक ठिकाणी मिळते. मिळत नसेल तर मागून घ्या. त्या दिवशी त्याच्या ड्रायव्हिंगकडे फार बघू नका, ते तुम्हाला येतंच. गाडी थांबल्यापासून पुन्हा निघेपर्यंत तो काय करतो ते बघा. गाडी कुठे उभी करतो, पुढचं पार्सल कधी हातात घेतो, फोन केव्हा लावतो, किल्ली कुठल्या खिशात टाकतो. चांगल्या ड्रायव्हरची किल्ली कायम एकाच खिशात असते, पेन एकाच जागी, स्कॅनर एकाच हातात. शंभर वेळा करायच्या गोष्टीत शोधाशोध ठेवायची नसते.

सकाळी गाडीभोवती एक फेरी

टायर, दिवे, आरसे, गाडीखाली तेल किंवा पाणी गळलेलं आहे का, मागचं दार नीट लागतंय का. सवय झाली की दोन मिनिटांचं काम. टायरमधली हवा टायर थंड असतानाच बघायची. गाडी थोडी पळाली की टायर तापतात आणि दाब जास्त दिसतो. किती हवा हवी ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. पुष्कळ गाड्यांवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा. आपला दुसरा. कालचा ओरखडा, पोचा दिसला तर निघण्याआधी फोटो काढून ठेवा, नाहीतर तो संध्याकाळी तुमच्या नावावर जमा होईल.

मोठी व्हॅन पहिल्यांदाच चालवत असाल तर तिची उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. तळघरातल्या पार्किंगच्या कमानीखाली शिरताना ‘जाईल बहुतेक’ असं वाटणं हा अंदाज फार महाग पडतो.

लोडिंग

या कामातलं खरं कसब इथे आहे. दिवस रस्त्यावर बिघडतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो सकाळी गोदामातच बिघडलेला असतो.

आधी मोजणी. यादीतले आकडे आणि समोरची पार्सलं जुळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. गोदामातून बाहेर पडल्यावर कमी निघालेलं पार्सल ही तुमची जबाबदारी असते, बाहेर पडण्याआधी गोदामाची. चेपलेला, ओला, पुन्हा टेप लावलेला खोका दिसला तर गाडीत ठेवण्याआधी त्याचा फोटो काढा आणि तिथल्या माणसाला दाखवा.

मग क्रम. साधा नियम असा की शेवटी द्यायचं ते आधी भरायचं, म्हणजे पहिल्या स्टॉपचं पार्सल दाराशी येतं. पण १०० पार्सलं एकामागे एक अशी काटेकोर ओळीत लागत नाहीत. आकार वेगवेगळे असतात, मोठा खोका मधेच येतो. म्हणून रूटचे चार-पाच भाग पाडा, १ ते २०, २१ ते ४० असे, आणि गाडीतही तेवढ्या जागा ठरवा. प्रत्येक पार्सलवर जाड मार्करने स्टॉपचा नंबर लिहा, दार उघडल्यावर दिसेल त्या बाजूला. छापलेल्या लेबलवरचा बारीक पत्ता प्रत्येक वेळी वाचत बसलात की ते ३० सेकंद तिथेच गेले. एकाच पत्त्यावर तीन पार्सलं असतील तर नंबरासमोर ‘३’ असं लिहून त्याला गोल करा. नाहीतर दोन देऊन पुढे जाल आणि तिसरं दुपारी सापडेल.

मोठे खोके क्रमात बसत नसतील तर एका बाजूला ठेवा आणि त्यांची यादी डोळ्यांसमोर चिकटवा. गाडीत खूप पसरलेली वस्तूच आपण जास्त विसरतो, कारण दिवसभर बघून ती गाडीचाच भाग वाटायला लागते. मी एकदा एक भलंमोठं टेबल असंच दिवसभर फिरवून परत आणलं होतं.

वजनाचंही बघा. जड माल खाली, ड्रायव्हरच्या मागच्या भिंतीला टेकवून. उंचावर ठेवलेला जड खोका वळणावर गाडीला कलवतो, आणि करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते पण खोका आधीच्याच वेगाने पुढे येतो. शेजारच्या सीटवर आणि पायाशी पार्सल नको. पेडलखाली घरंगळलेल्या बाटलीएवढ्या वस्तूनेही ब्रेक दाबला जात नाही.

खोक्यांवरच्या खुणा वाचायला शिका. वर तोंड केलेले दोन बाण, पेला, छत्री: ही चिन्हं आंतरराष्ट्रीय आहेत, आयएसओ ७८० या मानकातली. बाण म्हणजे ती बाजू वर. पेला म्हणजे आत फुटणारी वस्तू. छत्री म्हणजे पाण्यापासून जपा. लिथियम बॅटरीची खूण असलेला खोका चेपलेला असेल, गरम लागत असेल, फुगला असेल किंवा त्यातून आवाज, वास येत असेल, तर तो गाडीत घेऊ नका. बाकीच्या मालापासून लांब ठेवून ताबडतोब कळवा. या बॅटऱ्यांची आग पटकन विझत नाही, आणि विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटू शकते.

पत्ता सापडवणं

मॅपवरची पिन म्हणजे घराचं दार नव्हे. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण काही मीटरच्या अंतरात बरोबर असतं. उंच इमारतींच्या मध्ये मात्र उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. शिवाय पत्ता टाकताना ग्राहकानेच पिन भलतीकडे लावलेली असू शकते. म्हणून पिन गल्लीपर्यंत जायला वापरा, दारापर्यंत पाटी आणि नंबर बघून जा.

कुणी अक्षांश-रेखांश पाठवले तर आकडे पूर्ण घ्या. दशांश चिन्हानंतरचा पाचवा अंक साधारण एक मीटरचा फरक दाखवतो, तिसरा शंभर मीटरच्या आसपास. शेवटचे दोन अंक गाळले की तुम्ही दुसऱ्याच रस्त्यावर.

फोन लावला तर ‘तुमचं घर कुठे आहे?’ असं विचारू नका. माणूस स्वतःच्या घरी रोज जातो, त्यामुळे रस्ता त्याला सांगता येत नाही. ‘सरळ या, लगेच दिसेल’ एवढंच सांगतो. त्याऐवजी विचारा: ‘तुमच्या दारात उभं राहिलं की समोर काय दिसतं?’ किंवा तुम्ही कुठे उभे आहात ते सांगून ‘इथून डावीकडे की उजवीकडे?’ एवढंच. आणि फोन गाडी थांबवूनच. ताशी ५० च्या वेगाने जाताना दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर गाडी तेवढ्यात २८ मीटर पुढे गेलेली असते, न बघता.

ॲपने दिलेला क्रम देववाणी समजू नका, पण पहिल्या महिन्यात तो मोडूही नका. भाग ओळखीचा झाला की कळतं, की कुठलं ऑफिस दुपारी बंद असतं आणि कुठल्या रस्त्यावर शाळा सुटायच्या वेळी अडकायला होतं. एक युक्ती मात्र पहिल्या दिवसापासून चालते: समोरची वाहतूक ओलांडून घ्यावी लागणारी वळणं टाळा. उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशांत यूपीएस ही मोठी कुरिअर कंपनी आपले रूट डावी वळणं शक्य तितकी टाळून आखते. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालत असतील तर तेच उजव्या वळणांना लागू. थोडं अंतर वाढतं, पण मधोमध इंडिकेटर लावून ताटकळणं वाचतं, आणि अपघाताचा धोकाही.

रोजचा भाग असेल तर छोटी वही ठेवा. ‘मागच्या बाजूने दार’, ‘घंटा बिघडलेली, हाक मारा’, ‘गाडी वळत नाही, कोपऱ्यावरच लावा’. तीन महिन्यांनी ही वही ॲपपेक्षा कामाची होते. फाटकाचे कोड, लोकांचे नंबर, कोण किती वाजता घरी नसतं हे मात्र तिच्यात लिहायचं नाही. वही हरवू शकते.

गाडी लावणं आणि मागे घेणं

दाराच्या अगदी समोर जागा मिळवण्यासाठी तीन चकरा मारण्यापेक्षा ५० पावलं चालणं लवकर होतं. जवळजवळचे चार स्टॉप असतील तर गाडी मध्ये एकदाच लावा आणि चालत वाटा.

कामावरचे बारीकसारीक अपघात बरेचसे रिव्हर्समध्ये होतात. म्हणून पहिला नियम असा की रिव्हर्स घ्यावाच लागणार नाही अशी गाडी लावा. घ्यावाच लागला तर उतरा, मागे जाऊन बघा, मग घ्या. कॅमेरा असला तरी. माझा पहिला ठोकर एका गुडघ्याएवढ्या खांबाला बसला. तो आरशात दिसत नव्हता, पण मी आलो तेव्हा त्याच्या शेजारूनच चालत गेलो होतो. खांब जागचा हलत नाही, मुलं हलतात. उतरून बघितल्यावर परत येऊन रमतगमत बसू नका, लगेच आणि सावकाश घ्या.

दार उघडताना खिडकीपासून लांबच्या हाताने उघडा. त्यामुळे अंग आपोआप मागे वळतं आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. उतारावर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकं कडेकडे वळवा. इंजिन बंद, किल्ली खिशात, मागचं दार कुलूपबंद, ‘अर्ध्या मिनिटात येतो’ असं असलं तरी. डिलिव्हरीची गाडी पळवणाऱ्याला अर्धं मिनिटच हवं असतं.

दाराशी

पार्सल देण्याआधी नंबर आणि नाव दोन्ही जुळवा. समांतर गल्ल्यांत तोच घरनंबर असतो, आणि समोरचा माणूस ‘हो, द्या’ म्हणून घेतोही, कारण घरातल्या कुणीतरी काहीतरी मागवलेलं असेल असं त्याला वाटतं. ‘अमुक यांचंच ना?’ असं विचारलं की तो हो म्हणेल. ‘नाव काय सांगता?’ असं विचारा.

सही, ओटीपी, फोटो यातलं जे लागत असेल ते त्याच जागी घ्या. फोटोत पार्सल आणि दार किंवा नंबर एकत्र दिसले पाहिजेत. नुसत्या फरशीवर ठेवलेल्या खोक्याचा फोटो जगातल्या कुठल्याही घराचा असू शकतो. ग्राहकाने लिहून सांगितलेलं नसेल तर पार्सल बाहेर ठेवून जाऊ नका, शेजाऱ्याकडेही देऊ नका. रोख रक्कम असेल तर त्याच्यासमोर मोजा, सुट्ट्यांसकट, आणि दिवसभरची रक्कम आपल्या पैशांत मिसळू नका.

दार उघडलं नाही तर खरोखर थांबा, घंटा वाजवा, फोन करा, मगच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद करा. संध्याकाळच्या घाईत गाडीतूनच अशी नोंद टाकायचा मोह होतो, आणि तो शिकवणारे सहकारीही भेटतील. पण ॲपमध्ये तुमची जागा नोंदली जात असते, आणि दारावर कॅमेरा असू शकतो. नोकरी जाण्याचं हे फार सोपं कारण आहे.

फाटकाच्या आत कुत्रा असू शकतो. आत पाऊल टाकण्याआधी कडी वाजवा आणि क्षणभर थांबा. आलाच तर पळू नका, डोळ्यांत डोळे घालू नका, अंग थोडं बाजूला वळवून उभे राहा, पार्सल त्याच्या आणि तुमच्यामध्ये धरा आणि सावकाश मागे सरका.

रागावलेल्या ग्राहकाशी वाद जिंकून काही मिळत नाही. उशीर तुमच्यामुळे झालेला नसतो, हे त्यालाही बहुधा माहीत असतं, पण समोर तुम्हीच आहात. ऐकून घ्या, तक्रार कुठे करायची ते सांगा, निघा. कुणी अंगावर आलं तर पार्सल राहू द्या, तुम्ही गाडीत बसा.

अंग

नव्या माणसाची कंबर पहिल्या पंधरवड्यात बोलायला लागते. खोका उचलण्याआधी एका कोपऱ्याला पायाने ढकलून वजनाचा अंदाज घ्या; आकारावरून वजन कळत नाही. पाय थोडे फाकून, गुडघ्यात वाकून, खोका पोटाशी घेऊन उठा, आणि वळायचं असेल तर कमरेतून नव्हे, पावलं टाकून वळा. डोळ्यांसमोर येईल इतकी चळत घेऊन जिना चढू-उतरू नका, दोन फेऱ्या करा. गाडीतून उडी मारू नका. दिवसात ५० ठिकाणी उतरायचं तर गुडघ्याला त्या ५० उड्याच असतात. दांडी धरून उतरा.

बुटांवर कंजुषी करू नका. पाणी जवळ ठेवा. लघवीला जायला नको म्हणून पाणी न पिणारे बरेच ड्रायव्हर मला माहीत आहेत, आणि त्यातल्या काहींना त्याचा त्रास सोसावा लागला. रूटवरची स्वच्छतागृहं पहिल्याच आठवड्यात हेरून ठेवा, वहीत त्यांची नोंद सगळ्यात वर.

झोपेशी भांडू नका. सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच मंद होतो असं प्रयोगांत दिसलं आहे. काच खाली करून आणि गाणी मोठी करून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी लावून १५-२० मिनिटं डोळे मिटा. कॉफी घ्यायची असेल तर डोळे मिटण्याआधी घ्या, कारण तिचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही पेंग येते. पाकिटावर वाचून मगच त्या घेऊन गाडीत बसा.

पावसात, धुक्यात, अंधारात वेग कमी आणि अंतर जास्त. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा उशिरा थांबते. वेग ५० वरून ६० केला की नुसतं ब्रेकचं अंतर जवळजवळ दीडपट होतं. ते ८ मिनिटांचं बक्षीस आठवून बघा.

काही बिघडलं तर

पार्सल चुकीच्या घरी गेलं, गाडीला ओरखडा आला, खोका हातातून पडला: लगेच कळवा, संध्याकाळची वाट बघू नका. दुपारी बारा वाजता सांगितलेली चूक बहुधा निस्तरता येते. ग्राहकाची तक्रार आधी पोचली की तीच चूक लपवाछपवी ठरते. अपघात झाला तर आधी माणसं, मग फोटो, मग ऑफिस. जागेवर कुणाला पैसे देऊन मिटवायचं नाही आणि चूक कोणाची ते तिथे कबूलही करायचं नाही; ते ठरवायला विमावाले आहेत.

कामात मागे पडताय असं दिसलं तरीही आधीच सांगा. दुपारी तीनला ‘माझ्याकडे ३० जास्त आहेत’ म्हटलं तर मदत येऊ शकते. सात वाजता नुसतं ऐकून घ्यावं लागतं.

परत आल्यावर उरलेली पार्सलं एकेक करून स्कॅन करून द्या, गठ्ठ्याने नाही, आणि परत दिल्याची पावती किंवा स्क्रीनचा फोटो ठेवा. रोख मोजून द्या. मग रिकाम्या गाडीत टॉर्च मारून एकदा बघा, सीटखाली, कोपऱ्यात, दाराच्या फटीत. पातळ पाकिटं तिथेच सरकून बसलेली असतात. मार्कर सुकायला लागला असेल तर उद्यासाठी दुसरा खिशात टाका.